डीपफेक: अनस्टेबल एव्हिडन्स ऑन स्क्रीन (प्रदर्शन)

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात अ‍ॅस्टोरियाला 'म्युझियम ऑफ द मूव्हिंग इमेज' नावाचं सिनेमा-टीव्हीचं म्युझियम आहे, तिथे १८ डिसेंबर २०२१ ते १५ मे २०२२ या काळात भरलेलं हे प्रदर्शन. बार्बरा मिलर आणि जोशुआ ग्लिक या दोघांनी ते उभं केलं. विषय डीपफेकचा, म्हणजे एआय वापरून एखाद्याचा चेहरा नाहीतर आवाज असा बनवायचा की त्याने न बोललेलं तो बोलताना दिसावा. पण नुसते असे व्हिडिओ दाखवून लोकांना घाबरवायचं असा प्रकार नव्हता, पडद्यावर दिसलं म्हणजे झालंच असेल हा आपला भरवसा मुळात कितपत बरोबर आहे, हा खरा मुद्दा होता.

प्रदर्शनात मेन गोष्ट एकच, 'इन इव्हेंट ऑफ मून डिझास्टर' हे फ्रान्सेस्का पनेट्टा आणि हॅल्सी बर्गंड यांनी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात केलेलं काम. १९६० च्या दशकातली बैठकीची खोली मांडलेली, तेव्हाचं फर्निचर, तेव्हाचा टीव्ही, आणि टीव्हीवर अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन गंभीर चेहऱ्याने सांगतायत की चंद्रावर गेलेले आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन परत येणार नाहीत. असं काही झालं नाही हे सगळ्यांनाच माहितेय. पण भाषण मात्र खरं आहे बरं का! अपोलो ११ उतरायच्या दोन दिवस आधी, १८ जुलै १९६९ ला, निक्सनचे भाषणलेखक विल्यम सफायर यांनी ते लिहून ठेवलं होतं, कारण चंद्रावरून वर उडायचं इंजिन चालू झालं नाही तर दोघं तिथेच अडकणार ही भीती खरीच होती. भाषणाआधी राष्ट्राध्यक्षांनी दोघांच्या बायकांना फोन करायचा, भाषणानंतर समुद्रात दफन करतात तशी प्रार्थना धर्मगुरूने म्हणायची, इथपर्यंत सगळं त्या कागदावर लिहिलेलं आहे. सुदैवाने ते वाचायची वेळच आली नाही.

मग हा निक्सन बनवला कसा? चित्रासाठी घेतलं त्याचं १९७४ चं राजीनाम्याचं भाषण, तिथे तो खरोखरच पडलेल्या चेहऱ्याने कागद उलटत बोलतोय, म्हणजे दुःख आयतंच मिळालं, फक्त ओठ आणि तोंडाची हालचाल बदलायची होती, ते काम इस्रायलच्या कॅनी एआय कंपनीने केलं. आवाजाचं काम जास्त किचकट. लुईस व्हीलर नावाच्या नटाने निक्सनच्या भाषणांचे छोटे छोटे तुकडे ऐकून अगदी त्याच लयीत, त्याच थांब्यांसकट परत म्हणायचे, असे ढिगाने तुकडे, आणि त्यावरून युक्रेनच्या रिस्पीचर कंपनीची सिस्टिम व्हीलरच्या आवाजाचा निक्सनचा आवाज करायला शिकली. म्हणजे बटण दाबलं आणि निक्सन आला असं नाही, मागे एक माणूस घसा सुकेस्तोवर बसलाय.

मला विचाराल तर यातली सगळ्यात भारी गोष्ट निक्सन नाहीच. भाषणाच्या आधी टीव्हीवर मोहिमेचं चित्रण दिसतं, आणि यान आता कोसळतंय असं वाटून धस्स होतं. ते फुटेज नासाचं, अस्सल, त्यात एआय वगैरे काही नाही, फक्त कापाकापी, क्रम बदलणं आणि आवाजाची जोडणी. हा जुनाच धंदा आहे. १८९९ मध्ये एडिसनच्या कंपनीने फिलिपिन्समधल्या लढाईचे सीन न्यू जर्सीत उभे करून शूट केले होते. मे २०१९ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या तेव्हाच्या सभापती नॅन्सी पेलोसींचा व्हिडिओ नुसता स्लो करून त्या दारू प्यायल्यासारख्या वाटतील असा फिरवला गेला, त्याला तर मोबाईलसुद्धा पुरला असता. अशा स्वस्तातल्या प्रकाराला चीपफेक म्हणतात. प्रदर्शनाने डीपफेकला या जुन्या इतिहासात नेऊन बसवलं ते फार बरं केलं, नाहीतर सगळं खापर एआयवर फोडून मोकळं होता येतं.

तंत्राची चांगली बाजूही आहे. 'वेलकम टू चेचन्या' या २०२० च्या माहितीपटात रशियाच्या चेचन्या प्रांतातल्या, जिवाला धोका असलेल्या समलिंगी लोकांवर दुसऱ्यांचे चेहरे बसवले, त्यामुळे ओळख लपली पण हावभाव राहिले, चेहरा धूसर केला असता तर ते गेलेच असते.

निक्सनचं काम आधी नोव्हेंबर २०१९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या 'इडफा' माहितीपट महोत्सवात दाखवलं होतं, नंतर २० जुलै २०२० ला, चंद्रावर उतरल्याच्या तारखेलाच, नेटवर टाकलं, आणि २०२१ मध्ये त्याला एमी हा टीव्हीचा मोठा पुरस्कार मिळाला. चंद्रावर कोणी गेलंच नाही म्हणणाऱ्यांच्या हातात हे आयतं कोलीत आहे अशी शंका येऊ शकते, आणि ती काही अगदीच खोटी नाही. म्हणून कसं बनवलं ते सगळं त्यांनी सोबतच सांगून टाकलंय.

प्रदर्शन चालू असतानाच मार्च २०२२ मध्ये युक्रेनचे राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की सैन्याला शस्त्रं खाली ठेवायला सांगतायत असा डीपफेक तिथल्या एका न्यूज चॅनलची साइट हॅक करून टाकला गेला. काम इतकं गचाळ होतं की डोकं धडावर नीट बसलेलंही नव्हतं, आणि झेलेन्स्कींनी स्वतःच लगेच व्हिडिओ टाकून ते खोटं असल्याचं सांगितलं.