डॉमिनिका

डॉमिनिका : पूर्व कॅरिबियन समुद्रातील डोंगराळ बेट व स्वतंत्र प्रजासत्ताक. क्षेत्रफळ सुमारे ७५० चौ. किमी., लोकसंख्या सत्तर हजारांच्या आसपास, राजधानी रोझो. उत्तरेस ग्वादलूप आणि दक्षिणेस मार्टिनिक ही फ्रेंच बेटे आहेत. डॉमिनिकन रिपब्लिक हा देश निराळा, भाषाही निराळी; तिकीट काढताना देशाचे नाव दोनदा वाचलेले बरे. स्थानिक उच्चारात जोर ‘नी’वर पडतो.

बेट ज्वालामुखींनी घडवलेले आहे. लांबी सुमारे ४७ किमी., रुंदी जेमतेम २६ किमी.; तेवढ्यात मॉर्न डियाब्लोटँ हे शिखर १,४४७ मीटरपर्यंत चढते. येथील मूळ रहिवासी कालिनागो बेटाला ‘वाइतुकुबुली’ म्हणतात, म्हणजे ‘उंच तिची काया’. सपाट जमिनीच्या या टंचाईतच बेटाच्या बऱ्याच गोष्टींचे मूळ आहे. गोऱ्यांना येथे पाय रोवायला उशीर लागला तो डोंगर-जंगलांमुळे आणि कालिनागोंच्या प्रतिकारामुळे. आजही पूर्व किनाऱ्यावर त्यांचा स्वतंत्र प्रदेश आहे. तो १९०३ मध्ये आखून दिला गेला.

कोलंबसला हे बेट ३ नोव्हेंबर १४९३ रोजी दिसले. तो रविवार होता आणि त्या वारावरूनच बेटाचे नाव पडले. फ्रेंचांकडून ते १७६३ मध्ये ब्रिटिशांकडे गेले. स्वातंत्र्य मिळाले तेही ३ नोव्हेंबरलाच, १९७८ मध्ये. युजेनिया चार्ल्स १९८० ते १९९५ पंतप्रधान होत्या. इंग्रजीभाषक कॅरिबियनमधील त्या पहिल्या महिला पंतप्रधान. राजभाषा इंग्रजी, पण घराघरांत फ्रेंच वळणाची क्रेओल बोली ऐकू येते.

पांढऱ्या वाळूवर लोळायला येणाऱ्याची येथे निराशा होईल. किनाऱ्यांवरची वाळू बहुतेक ठिकाणी काळी-करडी. पाहायचे ते आत, डोंगरात. मॉर्न त्र्वा पितों राष्ट्रीय उद्यान १९९७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. त्यातील ‘उकळते तळे’ हे खरे आकर्षण. जाऊन येऊन सहाएक तासांची चाल, वाटाड्या घ्यावाच. वाट आधी ओल्या, शेवाळलेल्या जंगलातून जाते आणि मग ‘उजाड दरी’त उतरते. तेथे गंधकाचा, नासक्या अंड्यासारखा वास, पिवळे-नारिंगी दगड, कुठे दुधी तर कुठे काळसर पाण्याचे कढत ओहोळ. पुढे कड्याच्या टोकाशी सुमारे साठ मीटर रुंदीचे तळे, मध्यभागी खदखदणारे. वाफ दाट असली तर पाणी दिसतच नाही, वाऱ्याची झुळूक येईपर्यंत ताटकळावे लागते. एवढी चाल झेपणार नसेल तर ट्रफाल्गर धबधबा गाडीरस्त्यापासून जवळ आहे. पश्चिमेच्या खोल समुद्रात स्पर्म व्हेल बारमाही आढळतात.

मोठी विमाने उतरतील एवढी धावपट्टी नसल्याने बहुतेक प्रवासी शेजारच्या बेटांवरून छोट्या विमानाने येतात; मायामीहून थेट सेवा डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. डग्लस-चार्ल्स विमानतळ ईशान्येला, तर रोझो नैऋत्येला. मधला वळणावळणाचा रस्ता तासाभराहून अधिक वेळ खातो. ग्वादलूप व मार्टिनिकहून जलद फेरीबोटी आहेत. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. अडचण होते ती वाटेतल्या देशांच्या ट्रान्झिट व्हिसाची. चलन पूर्व कॅरिबियन डॉलर, एका अमेरिकन डॉलरला २.७० हा दर १९७६ पासून बांधलेला. वाहने डावीकडून चालतात, वीज २३० व्होल्ट, घड्याळ भारताच्या साडेनऊ तास मागे. सार्वजनिक वाहतूक म्हणजे ‘एच’ अक्षराच्या नंबरप्लेटच्या मिनीबस. रविवारी त्यांच्यावर विसंबू नये. लष्करी छापाचे कपडे नागरिकांना वापरता येत नाहीत, तेव्हा ट्रेकची ती पँट घरीच ठेवावी.

कोरडा हंगाम साधारण जानेवारी ते मे. जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा काळ. १८ सप्टेंबर २०१७ रोजी पाचव्या, म्हणजे सर्वांत तीव्र श्रेणीचे ‘मारिया’ वादळ बेटावर आदळले. नुकसान देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक भरले. जंगल मात्र लवकर हिरवे झाले.

भारतीयांना रोझो ठाऊक आहे ते विंडसर पार्क मैदानामुळे. जुलै २०२३ मध्ये मुंबईच्या यशस्वी जयस्वालने येथेच कसोटी पदार्पणात १७१ धावा केल्या. पुण्याशी नाते जुळले ते फेब्रुवारी २०२१ मध्ये : सिरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेली कोविशील्ड लस भारताने भेट म्हणून पाठवली, तेव्हा पंतप्रधान रूझवेल्ट स्केरिट यांनी विमानतळावर स्वतः खोकी उचलली.

राष्ट्रीय पदार्थ २०१३ पासून ‘कॅललू’. त्याआधी हा मान ‘माउंटन चिकन’ नावाच्या बेडकाला होता, पण तो नामशेष होण्याच्या बेतात आला. कॅललू म्हणजे डॅशीनच्या पानांचे नारळाच्या दुधातले दाट सूप, आणि डॅशीन म्हणजे आपले अळू. फदफद्यावर वाढलेल्या माणसाला त्यात चिंच-गूळ तेवढा चुकल्यासारखा वाटेल.