क्रिएटिन म्हणजे स्टेरॉइड नव्हे

"पावडर खाल्ली का किडनी गेलीच समज!" यवतमाळकडे भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना हे हमखास ऐकवलं जातं. ही पावडर म्हणजे व्यायामात ताकदीसाठी घेतलं जाणारं क्रिएटिन, अन् ते स्टेरॉइड नाही. ते शरीरच बनवतं, मटण-मासळीतही असतं. रोज ३ ते ५ ग्रॅमने निरोगी किडनी बिघडत नाही. रक्ताच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन (ज्यावरून किडनीचं काम जोखतात) किंचित वाढलेलं दिसतं, घोळ तिथूनच सुरू होतो. म्हणून तपासणीआधी डॉक्टरांना सांगा. किडनीचा आजार असेल तर मात्र त्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका. बॉक्सरचं वेगळं: स्नायूंत पाणी धरून वजन किलोभर वाढतं, वजनगट हुकू शकतो. खरी भीती बिनलेबलच्या डब्यांची, त्यात स्टेरॉइडची भेसळ असू शकते. अन् प्रोटीनला डबाच कशाला? १०० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वडीत ते ५० ग्रॅमच्या आसपास असतं.