सोड्याचा चॉकलेट केक (बेळगाव सीमाभाग)

सोड्याचा चॉकलेट केक : अंडी न घालता, सोडा आणि आंबट पदार्थ यांच्या जोरावर फुगवलेला कोकोचा मऊ केक. बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर या पट्ट्यातल्या मराठी घरांत तो वाढदिवसाला होतो, नाताळात होतो आणि पोरांनी हट्ट धरला की एरवीही होतो. खायचा सोडा (सोडियम बायकार्बोनेट) यात लागतोच. त्याशिवाय पाण्याच्या किंवा दुधाच्या जागी बाटलीतला सोडा, म्हणजे साधे सोडावॉटर, लिंबूसोडा किंवा कोला घालण्याचीही पद्धत आहे. केक चांगला फुगला की श्रेय बहुधा बाटलीला मिळते. हिशेब मांडून पाहिला तर ते तिच्या वाट्याला फारसे येत नाही.

पार्श्वभूमी

1818 मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि पुढे येथे लष्करी छावणी वसली. शहराचा तो भाग आजही ‘कॅम्प’ म्हणूनच ओळखला जातो. छावणी आली की पाव, बिस्किटे आणि केक आलेच. दुसऱ्या बाजूला चोर्ला आणि अनमोड घाटांखाली गोवा आहे. नाताळातला केक ख्रिस्ती शेजाऱ्यांकडून ताटात झाकून घरी येतो, तसा दिवाळीचा फराळ उलट्या वाटेने जातो. कुंदा आणि मांडे यांच्या गावात केकला पक्वान्नाचा मान मिळाला नाही, पण वाढदिवसाला औक्षण उरकले की आता सुरी लागतेच.

बिनअंड्याच्या केकला येथे मोठे गिऱ्हाईक आहे. जिल्ह्यात जैन आणि लिंगायत कुटुंबे पुष्कळ. मराठा घरांत एरवी अंडे चालत असले तरी श्रावणात, सोमवारी, गुरुवारी ते वर्ज्य असते, आणि वाढदिवस काही वार बघून येत नाही. अंडे काढले की फुगवण्याचे काम दुसऱ्या कोणावर तरी सोपवावे लागते. खायचा सोडा तर भज्यांसाठी घरात असतोच. दुकानात तो मराठीतून मागा किंवा कन्नडमधून ‘अडुगे सोडा’ म्हणा, पुडी तीच मिळते.

ही युक्ती मूळची येथली नव्हे. अंडी, दूध, लोणी यांची टंचाई असताना, महामंदीच्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, अमेरिकेत सोडा आणि व्हिनेगरवर फुगणारा ‘वॅकी केक’ लोकप्रिय झाला. तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत कोला घातलेला चॉकलेट केकही घरोघरी होतो. त्या कोला केकमध्ये ताकही घालतात. ते का, हे पुढे कळेल.

फुगण्याचा हिशेब

खायच्या सोड्याला आम्ल भेटले की कार्बन डायऑक्साइड सुटतो. आम्ल नसेल तर सोडा भट्टीच्या उष्णतेने फुटतो, पण तेव्हा निम्माच वायू मिळतो आणि मागे धुण्याचा सोडा (सोडियम कार्बोनेट) उरतो. साबणासारखी चव येते ती त्याचीच. अर्धा छोटा चमचा, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम खायचा सोडा पुरेशा आम्लाबरोबर सव्वा ग्रॅमच्या आसपास वायू देतो. खोलीच्या तपमानाला त्याचे आकारमान पाऊण लिटरच्या जवळ जाते. एका केकला एवढा वायू भरपूर झाला.

आता बाटली. पाण्यात हा वायू विरघळवण्याचा प्रयोग इंग्रज शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांनी 1767 मध्ये केला. गोटी सोड्याची बाटली इंग्रज अभियंते हायरम कॉड यांच्या 1872 च्या पेटंटमधली. न उघडलेल्या 200 मिलिलिटर सोडावॉटरमध्येही ग्रॅम-सव्वा ग्रॅम वायू असतो, म्हणजे कागदावर तो खायच्या सोड्याच्या बरोबरीला येतो. पण झाकण उघडताना फस्‌ करून काही जातो, ओतताना काही, घोटताना बराचसा. कुकरपर्यंत पोहोचतो तो थोडा. भज्यांच्या पिठात थंडगार सोडावॉटर उपयोगी पडते, कारण पीठ कालवले की लगेच कढईत जाते. केकचे मिश्रण तेवढी घाई करू देत नाही. तरी उरलेले बारीक बुडबुडे अगदी वाया जात नाहीत: पुढे सुटणारा वायू त्यांत शिरून त्यांना मोठे करतो.

साध्या सोडावॉटरने खायचा सोडा ‘जागा होतो’ असे ठामपणे सांगितले जाते. तसे होत नाही. सोडावॉटरमधले आम्ल म्हणजे कार्बॉनिक आम्ल, आणि खायचा सोडा हा त्याच आम्लाचा क्षार. या दोघांत झटापट व्हायला काही कारणच नाही. कोलाची गोष्ट वेगळी. त्यात फॉस्फोरिक आम्ल असते आणि कोला चांगलाच आम्लधर्मी असतो. मात्र आम्लाचा जोर असला तरी साठा तुटपुंजा असतो: पेलाभर कोला खायच्या सोड्याची चिमूटभरदेखील पुरती जिरवत नाही. म्हणून अमेरिकेतल्या कोला केकला ताक लागते. कोलातून केकला खरे मिळते ते साखर आणि पाणी. शंभर मिलिलिटरमागे दहा-अकरा ग्रॅम साखर असते, तेव्हा केकची साखर तेवढी कमी करावी.

खरे काम करतात दही आणि लिंबू. वाटीभर (240 मिलिलिटर) आंबट दही किंवा एका रसदार लिंबाचा रस, यांपैकी कोणतेही एक सुमारे दोन ग्रॅम सोडा जिरवते.

कोको आणि रंग

साधा कोको किंचित आम्लधर्मी असतो, त्यामुळे सोड्याचा थोडा भार तोही उचलतो. क्षार लावून केलेला ‘डच’ कोको गडद आणि सौम्य असतो, पण आम्लाच्या बाबतीत त्याची मदत होत नाही. डब्यावरच्या घटकांत आम्लता नियंत्रक 500 किंवा 501 असे आकडे दिसले तर तो क्षार लावलेला समजावा आणि दही-लिंबात कसूर करू नये.

सोडा जास्त झाला की कोको काळपट तांबडा होतो. काळाकुट्ट केक म्हणजे जास्त चॉकलेट, हा समज बेकरीवाल्यांच्या फायद्याचा आहे. पुष्कळदा तो नुसता जास्त सोडा असतो. असा केक भराभर फुगतो आणि मधोमध खचतो.

कृती

सात इंची भांड्याचे प्रमाण: मैदा 190 ग्रॅम, कोको 25 ग्रॅम, पिठीसाखर 180 ग्रॅम, खायचा सोडा पाऊण छोटा चमचा, मीठ चिमूटभर, दही 120 ग्रॅम, तेल 80 मिलिलिटर, एका लिंबाचा रस आणि थंड सोडावॉटर 120 मिलिलिटर. कोरडे जिन्नस दोनदा चाळावेत. दही, तेल आणि लिंबू एकत्र फेटून त्यात मिसळावे. सोडावॉटर सगळ्यात शेवटी घालून हलक्या हाताने कालवावे आणि मिश्रण ताबडतोब चढवावे. फोन आला तर वाजू द्यावा.

ओव्हन असेल तर 180 अंश सेल्सिअसला 35 ते 40 मिनिटे. नसेल तर कुकर: शिट्टी आणि रिंग काढावी, तळाला बोटभर मीठ किंवा वाळू पसरून त्यावर जाळी ठेवावी, दहा मिनिटे तापवून केकचे जर्मनचे (अॅल्युमिनियमचे) भांडे आत ठेवावे आणि मंद आचेवर 40 ते 50 मिनिटे भाजावे. कोरड्या तापण्याने कुकरचे बूड खराब होते, तेव्हा यासाठी जुना कुकर बाजूला ठेवलेला बरा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर आहे. एवढ्या उंचीला प्रमाण बदलण्याची गरज पडत नाही.

खानापूरकडच्या पावसात मात्र खायच्या सोड्याची उघडी पुडी फार दिवस टिकत नाही. चिमूटभर सोड्यावर लिंबू पिळून पाहावे. जोरात फसफसला तर वापरावा, नुसताच ओला झाला तर नवी पुडी आणावी.

गुळाचा प्रकार

उसाच्या या मुलखात साखरेऐवजी गूळ घालणारेही आहेत. गूळ किंचित आम्लधर्मी असतो, म्हणून काही जण दही कमी करतात. त्यावर विसंबू नये. गुऱ्हाळात रस निवळण्यासाठी भेंडीचा चिकट रस घालतात, तसा चुनाही वापरतात, त्यामुळे एका ढेपेचा आंबटपणा दुसरीशी जुळेलच असे नाही. दही आणि लिंबू तेवढेच ठेवावे, आणि गूळ पाणी धरून असल्यामुळे सोडावॉटर दोन मोठे चमचे कमी घालावे.