कापसाची पट्टी: हिशोबाचा नियम कोणता, पडद्याची मांडणी कोणती?

पट्टी म्हणजे खरेदीनंतर शेतकऱ्याला मिळणारा हिशोबाचा कागद. ती बनवणाऱ्या, जळगाव-धुळ्याकडच्या कापूस खरेदीच्या प्रोग्राममध्ये ओलाव्याचा आकडा दोनदा येतो, एकदा पडद्यावर आणि एकदा हिशोबात. दोन्हीकडे तो सारखाच दिसतो, आणि घोळ तिथेच होतो.

हमीभावाच्या खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, ८ ते १२ मध्ये ८ च्या वर जितका ओलावा तितके टक्के कपात, १२ च्या वर खरेदी नाही. हा झाला नियम. ओलावा एका दशांशापर्यंत दाखवायचा, ही मांडणी.

समजा भाव क्विंटलला ७,५०० रुपये आहे आणि गाडीत चार ठिकाणी ओलाव्याचे मीटर लावून सरासरी १०.४५ आली. कपात २.४५ टक्के, म्हणून भाव ७,३१६.२५. पडद्यावर मात्र १०.५ दिसते. बटणामागच्या कोडने पडद्याच्या चौकटीतलाच आकडा उचलला, तर कपात २.५ टक्के होते आणि भाव ७,३१२.५० वर येतो. क्विंटलमागे पावणेचार रुपये, २० क्विंटलच्या गाडीला ७५. पट्टीवरचा गुणाकार बरोबरच असतो, म्हणून कोणी बोट ठेवत नाही. शेतकऱ्याचे पैसे मात्र जातात.

म्हणजे राऊंडिंग (आकडा जवळच्या दशांशावर किंवा पूर्णांकावर आणणे) नेहमी मांडणीच, असेही नाही. देय रक्कम पूर्ण रुपयात करून तीच खात्यावर चढवायची असेल, तर तो नियम झाला. तो एकाच फंक्शनमध्ये, म्हणजे एकच काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यात, हवा. नाहीतर पट्टी, खातेवही आणि बँकेत गेलेली रक्कम यांत रुपयाचा फरक पडतो आणि महिनाअखेरीस तो शोधत बसावे लागते.

१२ टक्क्यांच्या मर्यादेचेही तसेच. ‘सेव्ह’ बटण बंद करणे ही वापरणाऱ्याची सोय, राखण नव्हे. एक्सेलमधून नोंदी चढवल्या किंवा मोबाइल ॲप जोडले, की ते बटण वाटेत येतच नाही. तपासणी नोंद साठवणाऱ्या फंक्शनमध्येच हवी; पडद्यावर ती पुन्हा केली तर चांगलेच. उलट, त्या फंक्शनने ‘मर्यादेबाहेर’ एवढाच संकेत परत द्यावा. तो लाल रंगात दाखवायचा की नाही, मराठीत की अहिराणीत, हे पडद्याने ठरवावे.

शंका आली तर एकच विचारा: पडदा काढून तीच पट्टी एसएमएसने पाठवली, तर कोडची ही ओळ लागेल का? लागत असेल तर ती नियमाची.

जुना प्रोग्राम एका दमात फोडू नका. आधी फक्त पट्टी घ्या. वजन, भाव आणि मीटरचे मूळ आकडे घेऊन देय रक्कम देणारे एक फंक्शन लिहा. त्यात पडद्यावरच्या एकाही चौकटीचे नाव येऊ देऊ नका. रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात ठेवा. मग ८.०, ८.१, १२.० आणि १२.१ ओलाव्याच्या नोंदी चालवून पाहा, आणि गेल्या हंगामातल्या वीस-पंचवीस पट्ट्यांशी उत्तरे ताडा. फरक निघाला तर तो खोडण्याआधी जुन्या प्रोग्रामचे राऊंडिंग तपासा. चूक बहुतेक वेळा तिथेच सापडते.