रस्ता कोणाचा, हे आधी शोधा: मुंबईत गल्ली, फुटपाथ, पायवाटेसाठी निधी मागताना

‘आमदारांना पत्र दिलंय, बघू काय होतं ते.’ मुंबईतल्या कुठल्याही वस्तीत हे ऐकायला मिळतं. पत्र देणं चुकीचं नाही, पण ती दुसरी पायरी. आमच्या भांडुपच्या गल्लीसाठी आम्ही हीच चूक केली. सह्यांचं पत्र दिलं, शिफारसही मिळाली, आणि फाईल अडकली ती एका साध्या प्रश्नावर: ही गल्ली नेमकी कोणाची? निम्मी सरकारी जमिनीवर, निम्मी जुन्या खासगी मालकाच्या नावावर. ते कळेपर्यंत एक अख्खा पावसाळा गेला.

अर्ज कोणीही करू शकतं. एकटा रहिवासी, चाळ कमिटी, सोसायटी, मंडळ, कोणीही. ठरलेला फॉर्म नाही, साध्या कागदावर अर्ज चालतो. पात्रता बघितली जाते ती माणसाची नव्हे, रस्त्याची.

मालकी कशी शोधायची

मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड काढा. उपनगरात त्यासाठी जागेचा सीटीएस (नगर भूमापन) क्रमांक लागतो, शहर भागात सीएस (कॅडस्ट्रल सर्व्हे) क्रमांक. दोन्हींची गल्लत करू नका. सोबत महापालिकेकडून डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यातला त्या जागेचा शेरा, घ्या. विकास आराखडा २०३४ मध्ये त्या जागेवर रस्ता दाखवलाय, उद्यान दाखवलंय की काहीच नाही, हे त्यातून कळतं. आराखड्यात रस्ता आहे म्हणजे जमीन पालिकेच्या ताब्यात आलीच, असं मात्र नाही. ताबा वेगळा विचारावा लागतो.

मुंबईतला प्रत्येक डांबरी किंवा काँक्रीटचा पट्टा पालिकेचा नसतो. काही रस्ते म्हाडा वसाहतीतले, काही रेल्वेच्या किंवा बंदराच्या हद्दीतले, काही वनखात्याच्या. सोसायटीच्या आवारातला रस्ता तर खासगीच. खासगी रस्त्यासाठी महापालिका अधिनियम १८८८ मधलं कलम ३०६ लक्षात ठेवा: रस्ता सपाट, पक्का आणि गटारांसह नीट केलेला असेल, तर आयुक्त तो सार्वजनिक म्हणून जाहीर करू शकतात. म्हणजे आधी खर्च मालकांचा, मग पालिकेची जबाबदारी. हे ऐकून बऱ्याच सोसायट्या गप्प होतात.

पायवाटेचं गणित आणखी नाजूक. तानसा जलवाहिनीलगत मुलुंड ते शीव असा ३९ किलोमीटरचा सायकल ट्रॅक आखला गेला, तो जलवाहिनीलगतचा पट्टा पालिकेकडे होता म्हणून. तशीच वाट तुम्हाला राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने हवी असेल तर वनजमिनीसाठी १९८० च्या कायद्यानुसार केंद्राची मान्यता लागते. खाडीकाठी हवी असेल तर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे नियम, आड येतात. शिवाय २०१८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालामुळे कांदळवनाभोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकामाला बंदी आहे. अशा ठिकाणी वस्तीच्या अर्जावर काम होईल, अशी आशा कोणी दाखवली तरी धरू नका.

पैसा कुठून येतो

पहिला स्रोत महापालिकेचा अर्थसंकल्प. सार्वजनिक रस्ते बांधणं आणि सांभाळणं हे पालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे, कलम ६१ खाली. त्यामुळे पालिकेच्या रस्त्यासाठी निधी ‘मागताना’ उपकार मागतोय असा सूर लावायची गरज नाही. २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता, तेव्हा पैसा नाही हे उत्तर फार पटत नाही. अर्ज विभाग कार्यालयात सहायक आयुक्तांच्या नावे द्यायचा आणि प्रत सहायक अभियंता, परिरक्षण (देखभाल) यांना. मोठ्या रस्त्यांचा विषय रस्ते विभागाकडे जातो. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि कित्येक वर्षं प्रशासक राहिले, तेव्हा लोकांना थेट अधिकाऱ्यांच्या टेबलाशी जायची सवय लागली. ती मोडू नका. नगरसेवकाला पत्र द्याच, पण आवक शिक्का विभाग कार्यालयाचाही हवा.

दुसरा आमदार निधी. २०२२ पासून तो आमदारामागे वर्षाला ५ कोटी आहे. खासदार निधीही वर्षाला ५ कोटीच, पण तो अख्ख्या लोकसभा मतदारसंघात वाटला जातो, म्हणून गल्लीच्या वाट्याला क्वचित येतो. राज्यसभेचे खासदार राज्यात कुठेही काम सुचवू शकतात, हे फारसं कोणाच्या लक्षात येत नाही. दोन्ही निधींत लोकप्रतिनिधी फक्त शिफारस करतात. प्रशासकीय मान्यता देतात जिल्हाधिकारी. शहरासाठी फोर्टच्या जुन्या जकात घरात, उपनगरासाठी वांद्रे पूर्वेला. तिथल्या जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांच्या कार्यालयात तुमची फाईल असते, आमदारांच्या केबिनमध्ये नाही.

तिसरा जिल्हा नियोजन समितीचा निधी, जो पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली ठरतो. झोपडपट्टीतल्या गल्ल्या, पायऱ्या, लादीकरण, डोंगरउतारावरच्या संरक्षक भिंती यांची कामं यातून, तसंच आमदार-खासदार निधीतून, म्हाडाचं मुंबई झोपडपट्टी सुधार मंडळ करतं. भांडुप, विक्रोळी, घाटकोपरच्या टेकड्यांवर राहणाऱ्यांनी या मंडळाचं नाव पाठ करावं.

अर्जाला काय जोडायचं

रहिवाशांच्या सह्या घरक्रमांकासह, मिळकत पत्रिका, डीपी रिमार्क, तारखेसह फोटो आणि हाताने काढलेला का होईना, नकाशा. लांबी-रुंदी टेपने मोजून लिहा. ‘अंदाजे शंभर फूट’ लिहिलं की अभियंता पुन्हा मोजायला येणार, आणि तो कधी येणार ते देवाला ठाऊक. सोसायटी असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव जोडा. फुटपाथ मागत असाल तर भारतीय रोड काँग्रेसचा निकष लिहून टाका: निवासी भागात चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी. अभियंता निदान दोनदा वाचतो.

जमिनीखाली काय आहे तेही लिहा. पाण्याची लाईन, गॅस, केबल, पर्जन्यवाहिनी. नवं काँक्रीट झाल्यावर दोन महिन्यांत कोणी खणायला आलं तर दोष कोणाचा, हा वाद मुंबईकरांना नवा नाही. पाण्याची लाईन जुनी असेल तर ती आधी बदलून द्या, अशी लेखी मागणी त्याच अर्जात करा. वाटेत झाड येत असेल तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी वेगळी.

शिफारस मिळाल्यावर काम करणारी यंत्रणा अंदाजपत्रक बनवते, जागामालकाचा ना हरकत दाखला लागतो, आणि ‘हे काम दुसऱ्या कोणत्याही निधीतून मंजूर नाही’ असा दाखलाही. म्हणून एकाच गल्लीचं पत्र चार ठिकाणी वाटण्याआधी विचार करा. दोघांनी शिफारस केली तर दोघांच्या फाईली एकमेकींकडे बघत बसतात.

वेळ

आयुक्त अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या सुरुवातीला मांडतात. त्यात काम यायला हवं असेल तर अर्ज गणपतीच्या आसपास गेलेला बरा. रस्ते खणायची मुभा साधारण मे अखेरपर्यंत, मग ऑक्टोबरपर्यंत थांबायचं. निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा लेखी आदेश, निघालेला नसेल, तर काम तिथेच थांबतं. मार्चमध्ये निधी संपवायची घाई असते. त्या घाईत झालेली लादी जरा वाकून बघावी.

फाईल दोन-तीन महिने हलली नाही तर माहिती अधिकार वापरा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, ऑनलाइनही करता येतो. महाराष्ट्राच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, म्हणून राग बाजूला ठेवून नेमकं मागा: आवक क्रमांक अमुक, तारीख अमुक, या पत्रावरील टिपणीची आणि अंदाजपत्रकाची प्रत. काम सुरू झालं असेल तर कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं नोंदवलेल्या वहीची) प्रत मागवा. त्यातली लांबी आणि तुमच्या टेपवरची लांबी एकदा जुळवून बघा.