हेड खोलायची घाई नको: जुन्या एमजीबीचं इंजिन कुठे अडलंय ते कसं शोधायचं

जुनी स्पोर्ट्स कार रिस्टोअर करायला घेतली की सडलेला पत्रा, उडालेला रंग, फाटलेल्या सीट हे सगळं डोळ्यांना दिसतं, इंजिनाचं तसं नाही, ते नुसती लक्षणं दाखवतं. आयडलिंगला थरथरतंय, मिसिंग मारतंय, पिकअप नाही, सायलेन्सरमधून फटफट येतंय. आणि हीच लक्षणं जळालेल्या व्हॉल्व्हमुळे येतात, खराब कंडेन्सरमुळे (करंटच्या सर्किटमधला एक छोटा भाग) येतात आणि कार्बोरेटर झिजल्यामुळेही येतात. बरेच जण पहिल्याच दिवशी कार्बोरेटर फिरवायला बसतात आणि तिथूनच घोळ सुरू होतो, कारण पेट्रोल थोडं वाढवलं की दुसरीकडचा दोष काही काळ झाकला जातो. म्हणून आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते), मग करंट (प्लगची ठिणगी), मग पेट्रोल, हा क्रम मोडायचा नाही असं माझं ठाम मत आहे.

उदाहरण म्हणून एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेऊ. इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ही गाडी बनली, पाच लाखांहून जास्त बनल्या, त्यामुळे रिस्टोअर करणाऱ्यांमध्ये ती खूप लोकप्रिय आहे. तिचं इंजिन म्हणजे १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं बी-सिरीज, आणि आपल्या ॲम्बेसेडरमध्ये वर्षानुवर्षं चाललेलं १४८९ सीसीचं इंजिन याच घराण्यातलं, एमजीबीच्या आधीच्या एमजीए १५०० मध्येही तेच १४८९ सीसीचं होतं. म्हणजे सरकारी ॲम्बेसेडर सांभाळलेल्या आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींना एमजीबीचं बॉनेट उघडल्यावर बरंच काही ओळखीचं दिसेल.

तर कॉम्प्रेशन. इंजिन गरम करून चारही प्लग काढायचे, कॉइलची वायर सोडायची, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा म्हणजे हवा मोकळी आत येते, आणि एकेका सिलिंडरला गेज लावून सेल्फ मारायचा. चांगल्या इंजिनात साधारण १६० पीएसआयच्या (दाब मोजायचं एकक) आसपास आकडा येतो, पण आकड्यापेक्षा चौघांमधला फरक महत्त्वाचा. समजा तीन सिलिंडर १५० दाखवतायत आणि एक ९०, तर त्या एकात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा. ऑइल पिस्टनच्या कडेने पसरून रिंग आणि बोअरमधली फट थोडा वेळ बुजवतं, वरच्या व्हॉल्व्हपर्यंत ते पोचत नाही, म्हणून आकडा चांगला वाढला तर गळती रिंगांमधून आणि तसाच राहिला तर व्हॉल्व्हमधून किंवा हेडच्या (सिलिंडरवरचं झाकण, ज्यात व्हॉल्व्ह असतात) गॅस्केटमधून. एका चमच्यात अर्धे संशयित बाद होतात! मला ही टेस्ट फार आवडते.

त्याच्या पुढची पायरी अजून छान आहे. तो पिस्टन कॉम्प्रेशनच्या शेवटी अगदी वर आणून, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरायची आणि नुसतं ऐकायचं (गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढा, नाहीतर हवा पिस्टनला खाली ढकलते). कार्बोरेटरमधून फुस्स आवाज आला तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट, ऑइल भरायच्या झाकणातून आला तर रिंग, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट फाटलंय किंवा हेडला तडा गेलाय.

आता समजा एक्झॉस्टमधून आवाज आला, तरी लगेच हेड उतरवू नका, आधी टॅपेट बघा. एमजीबीत टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट) सुमारे ०.३८ मिमी असतो आणि तो काळानुसार कमी होऊ शकतो, कारण व्हॉल्व्हची सीट झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो. गॅप संपला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता सीटला टेकूनच बाहेर टाकतो, त्यामुळे न टेकणारा व्हॉल्व्ह तापत जाऊन कडेला जळतो. वेळेत सापडलं तर फीलर गेज आणि स्क्रूड्रायव्हरमध्ये काम होतं, उशीर झाला तर मात्र हेड उतरवावंच लागतं.

या इंजिनाची एक रचना निदानाला खूप मदत करते. १ आणि २ नंबरच्या सिलिंडरला मिळून एकच इनलेट पोर्ट आहे, ३ आणि ४ ला दुसरा, आणि पुढचा एसयू कंपनीचा कार्बोरेटर पहिल्या जोडीला जवळचा, मागचा दुसऱ्या जोडीला, मध्ये फक्त एक बॅलन्स पाइप. म्हणून १ आणि २ दोघांचे प्लग पांढरे पडलेत (म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी) पण कॉम्प्रेशन उत्तम, तर संशय पुढच्या कार्बोरेटरवर किंवा तिकडच्या मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटरपासून हेडपर्यंत मिश्रण नेणारा पाइप) जॉइंटवर. पण त्याच दोघांचं कॉम्प्रेशन एकदम खाली असेल तर त्यांच्यामधलं गॅस्केट गेल्याची शक्यता मोठी. एकच सिलिंडर बिघडला की आपण एक कारण शोधतो, जोडी बिघडली की त्या दोघांमध्ये समान काय आहे ते शोधायचं.

करंटकडे येऊ. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट बंद असताना कॉइलमध्ये १२ व्होल्टवर चुंबकीय क्षेत्र तयार होतं, पॉइंट उघडले की ते कोसळतं आणि दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्ट तयार होतात. क्षेत्र जितक्या झटक्यात कोसळेल तितका व्होल्टेज जास्त, आणि तो झटका कंडेन्सरमुळे मिळतो, तो नसेल तर उघडणाऱ्या पॉइंटवरच ठिणगी पडत राहते. म्हणून पॉइंट लवकर जळत असतील आणि गाडी गरम झाल्यावरच मिसिंग मारत असेल तर आधी कंडेन्सर बदलून बघा, पार्ट स्वस्तातला आहे.

१९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला अर्थ केलेला असायचा. पुढे कुणीतरी वायरिंग उलटं करून निगेटिव्ह अर्थ केलं आणि कॉइलच्या वायरी अदलाबदल करायच्या राहिल्या तर प्लगला उलट्या दिशेने करंट जातो. प्लगचा मधला भाग जास्त गरम असतो आणि गरम धातूतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात, तो निगेटिव्ह असला तर ठिणगी सोपी, उलट झालं तर जास्त व्होल्टेज लागतो. गाडी चालते, पण जोर दिला की अडखळते, आणि हा दोष वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

टायमिंग लाइटही लावाच. ३००० आरपीएमला क्रँक एक मिलिसेकंदात १८ अंश फिरतो आणि मिश्रण जळायला वेळ लागतो म्हणून ठिणगी पिस्टन वर पोचायच्या आधी पडावी लागते. लाइटमध्ये पुलीवरची खूण जागेवर न राहता थरथरताना दिसली तर डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट किंवा बुश झिजलाय, मग पॉइंटचा गॅप कितीही नीट लावा, काही उपयोग नाही.

हे सगळं झालं की मगच कार्बोरेटर. एसयूमध्ये खाली एक पिन असते, ती दाबून कार्बोरेटरच्या आतला पिस्टन (इंजिनाचा नव्हे) जेमतेम एक मिमी उचलायचा. आरपीएम क्षणभर किंचित वाढून परत खाली आला तर मिश्रण बरोबर, वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, लगेच पडला तर कमी. दोन्ही कार्बोरेटरच्या थ्रॉटलचे दांडे झिजले असतील तर तिथून फुकटची हवा आत जाते आणि आयडलिंग कधीच स्थिर होत नाही. रेस देताना क्षणभर गाडी गुदमरत असेल तर कार्बोरेटरच्या वरच्या डॅशपॉटमधलं (त्या पिस्टनची हालचाल मंद ठेवणारा भाग) ऑइल संपलंय का तेही बघा.

आणि पेट्रोल. हे इंजिन शिसं असलेल्या पेट्रोलच्या काळातलं, शिशाचा थर एक्झॉस्ट सीटला झिजण्यापासून वाचवायचा. तो आता नाही, म्हणून हेड उतरवलंच तर कडक धातूच्या सीट बसवून घ्या. शिवाय आपल्या पंपांवर आता बहुतेक ई२० मिळतं. साध्या पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण १३.५ च, म्हणजे जुन्या सेटिंगवर मिश्रण आपोआप पातळ पडतं, प्लग पांढरे दिसतात, इंजिन तापतं. एसयूचा खालचा जेट नट एकेक कड खाली फिरवत, दर वेळी पिन उचलून तपासत जायचं, आणि पेट्रोलचे जुने रबरी पाइप इथेनॉल सोसणारे बसवायचे, कारण जुनं रबर फुगून त्याचे कण थेट फ्लोटच्या सुईखाली (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणारी-थांबवणारी सुई) जाऊन अडकतात.