एकट्याचं वऱ्हाड

‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हे एकपात्री नाटक पुन्हा रंगमंचावर आलं आणि मूळचे मराठवाड्यातल्या माजलगावचे अभिनेते संदीप पाठक ते करू लागले, तेव्हा नव्या प्रेक्षकांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की हे आधी कोण करायचं? उत्तर प्रा. लक्ष्मण देशपांडे. लेखक तेच, दिग्दर्शक तेच आणि मंचावरची बावन्न माणसंही तेच.

पुण्या-मुंबईत संगीत नाटकं गाजत होती तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि इथलं वरचं शिक्षण उर्दूतून चालायचं. सप्टेंबर १९४८ नंतर चित्र पालटलं. १९५० साली औरंगाबादला डॉ. आंबेडकरांचं मिलिंद महाविद्यालय उभं राहिलं, १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झालं. पुढे विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग निघाला आणि राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या कमलाकर सोनटक्के यांनी त्याला शिस्त लावली. १९४३ साली जन्मलेले देशपांडे याच विभागात शिकवायचे, नंतर विभागप्रमुखही झाले. त्यामुळे त्यांना केवळ ‘विनोदी एकपात्री करणारे’ म्हणणं मला तरी पटत नाही. तो हशा मास्तराने घोटून बसवलेला होता.

गोष्ट साधी. खेड्यातला मुलगा लंडनच्या गोऱ्या पोरीशी लग्न ठरवतो आणि कधी विमान न पाहिलेली मंडळी विमानात बसतात. मंचावर मात्र ना नेपथ्याचा पसारा, ना दुसरा नट. एका बाजूला मान वळवून म्हाताऱ्याचा घोगरा प्रश्न, लगेच दुसरीकडे वळून बाईचं ठसक्यातलं उत्तर, आणि मधेच तिसराच कुणीतरी ‘काय करायलाव?’ म्हणत घुसणार. हे जवळजवळ तीन तास. आवाज एवढासा घसरला तरी काका आणि पुतण्या एकच होऊन बसायचे!

व्यवहाराचाही भाग होताच. नाट्यगृहं मोजकी, अंतरं लांब, नाटकाची बस पोसायला पैसा कुठून आणायचा? एकटा नट मात्र शाळेच्या मैदानावरही उभा राहू शकतो. पण माझ्या मते खरी मजल भाषेची. व्यावसायिक नाटकात मराठवाड्याची ही बोली बहुधा गड्याच्या किंवा विनोदी पात्राच्या तोंडी यायची. इथे व्याही, विहीण, नवरदेव सगळे तीच बोलतात आणि परका वाटतो तो इंग्रज. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांनी ती बोली डोक्यावर घेतली, परदेशातही प्रयोग झाले आणि गिनीज बुकात नोंद झाली.

२००९ साली देशपांडे गेले. त्यांच्याच विभागात तयार झालेली कितीतरी मुलं आज मराठी नाटक-सिनेमात कामं करतात.